आजी-आजोबांचा एकत्र नसलेला फोटो

आमच्या घरात आजी आणि आजोबांचा एकत्र फोटो नाही. एके काळी होता. 1953 साली लग्नात काढलेला तो फोटो पुठ्ठ्यावर डकवून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलेला असे. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही गेले आणि शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यात पाणी शिरले, त्यात ती ट्रंकही गेली. माणसे वाचली, त्यामुळे ट्रंकेचे दुःख करण्याची कोणाची हिंमत झाली नाही. पुढे पाचच वर्षांनी, 1966 साली, आजी गेली. मधल्या काळात दोघांनी पुन्हा स्टुडिओत जाऊन फोटो काढावा असे कोणाला सुचले नसणार, कारण पूरग्रस्तांच्या वसाहतीत भांड्याकुंड्यांपासून संसार उभा करणाऱ्या घरात फोटोचा खर्च कोणत्याच यादीत बसणारा नव्हता.

त्याच वसाहतीतले घर गेल्या वर्षी पुनर्विकासात गेले. नव्या सदनिकेत राहायला जाताना बाबांनी, जे सहसा काही मागत नाहीत, एवढेच म्हटले की दिवाणखान्यात आईदादांचा एक फोटो एकत्र असावा. ते त्यांच्या वडिलांना दादा म्हणत. आजोबा 1998 साली गेले, त्यामुळे त्यांचे फोटो मिळण्यात अडचण नव्हती. पोस्टातल्या ओळखपत्रावरचा 1957 सालचा एक, 1986 सालच्या निवृत्तीच्या निरोपसमारंभातला एक आणि नव्वदीच्या दशकात आमच्या गॅलरीत काढलेला एक, असे तीन हाताशी होते. ओळखपत्र पुरातून वाचले याचे कारण ते त्या दिवशी आजोबांच्या खिशात होते. आजीचा मात्र उभ्या खानदानात एकच फोटो उरला आहे आणि तोही आमचा नाही. तो वाईला, तिच्या माहेरी आहे. 1959 साली तिच्या धाकट्या भावाची मुंज झाली, तेव्हा वाड्याच्या चौकात काढलेला तो तीस-बत्तीस जणांचा समूहफोटो आहे. पहिल्या रांगेत खुर्चीवर आजी बसली आहे आणि तिच्या मांडीवर चार वर्षांची आत्या आहे. बाबांचा जन्म तेव्हा व्हायचा होता.

पहिला प्रयत्न मी स्वतः केला नाही. वाईच्या फोटोचा मोबाइलवर काढलेला फोटो आणि आजोबांचा निवृत्तीचा फोटो मी एका दुकानात दिला आणि चार दिवसांनी जे हाती आले ते पाहून मला काय बोलावे ते कळेना. मागे गुलाबी पडदा, खाली दोन समया, आजीच्या अंगावर कोणत्या तरी तयार नमुन्यातला जरीचा शालू, गळ्यात तिने कधी पाहिलीही नसेल अशी चपलाकंठी. डोळे मोठे आणि ओले, कातडी मेणासारखी गुळगुळीत आणि दोन छटा उजळ. दुकानदाराचा हेतू वाईट नव्हता, गिऱ्हाइकांना हेच आवडते असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. आत्याने चष्मा लावून तो फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, “दादा आहेत. पण ही बाई कोण गं?”

आत्या आता सत्तरीला आली आहे. आई गेली तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि बाबा जेमतेम सहा, त्यामुळे आजीचा चेहरा खऱ्या अर्थाने आठवणारी ती एकटीच माणूस आमच्यात उरली आहे. मी तिला विचारले की नेमके काय चुकले आहे. तिने बोट ठेवले ते कपाळावर. दुकानदाराने आजीला लाल गोल टिकली लावली होती. “आई आडवी चिरी लावायची. मेण लावून, त्यावर पिंजर. टिकली तिने आयुष्यात लावली नाही.” घरी येऊन मी मोबाइलवरचा मूळ फोटो ताणून मोठा केला, तर कपाळावर खरोखरच एक बारीकशी आडवी रेघ होती. चेहरा आपोआप स्वच्छ करणाऱ्या प्रणालीने ती ओरखडा समजून पुसली होती आणि कपाळ मोकळे दिसले म्हणून दुकानदाराने टिकली लावली होती. डोळ्यांचेही तसेच झाले होते. असल्या प्रणाली धूसर चेहऱ्यातला हरवलेला तपशील शोधून काढत नाहीत, कारण तो तिथे नसतोच. त्यांना शिकवलेल्या असंख्य चेहऱ्यांवरून त्या तिथे शोभेल असा तपशील रचतात. अनोळखी माणसाला तो फोटो सुबक वाटेल. लेकीला मात्र परकी बाई दिसते. त्यानंतर मी ठरवले की हे काम आपणच करायचे, सावकाश करायचे आणि चेहऱ्यात आपल्या पदरचे काही घालायचे नाही.

वेगवेगळ्या फोटोंतून एक चित्र जुळवण्याची कला संगणकाबरोबर आली असा माझा समज होता, तो लवकरच गेला. इंग्लंडमध्ये ऑस्कर रेलँडर याने 1857 साली तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक भले मोठे चित्र केले होते आणि पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन याने पाच निगेटिव्ह जुळवून मृत्युशय्येवरच्या एका मुलीचे आणि तिच्या भोवतीच्या कुटुंबाचे चित्र केले. छायाचित्राने इतके खाजगी दुःख दाखवावे काय, असा आक्षेप त्या दुसऱ्या चित्रावर तेव्हा घेतला गेला. आपल्याकडचे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. राजस्थानात नाथद्वाऱ्याला श्रीनाथजींसमोर हात जोडून उभ्या असलेल्या भक्त कुटुंबाची जी मनोरथ चित्रे करत, त्यांतल्या काहींत देव, पडदे, कपडे हे सारे रंगवलेले आणि चेहरे तेवढे फोटोतून कापून चिकटवलेले असत. मनोरथ हा शब्दच किती नेमका आहे. जे एकत्र पाहावे असे मनात आहे ते एकत्र मांडायचे, आणि ते मांडलेले आहे हे कोणापासून लपवायचे नाही.

वाईच्या काकांनी फोटो घराबाहेर द्यायला नम्रपणे नकार दिला आणि त्यांचे बरोबरच होते. मीच स्कॅनर पिशवीत घालून वाईला गेले. फोटो जुन्या सागवानी चौकटीत होता आणि दमटपणामुळे त्याचा एक कोपरा काचेला चिकटला होता. अशा वेळी फोटो ओढून सोडवायचा नसतो, कारण प्रतिमेचा थर काचेवरच राहतो आणि हातात कोरा कागद येतो. मागचे बारीक खिळे काढून चौकट सोडवली आणि फोटो काचेसकट स्कॅनरवर ठेवला. हल्लीच्या अगदी पातळ स्कॅनरला काचेआडचे धूसर दिसते, जुन्या जाड स्कॅनरला ते नीट दिसते. सुदैवाने मैत्रिणीकडून मागून आणलेला स्कॅनर जुना आणि जाड होता.

आजीचा चेहरा, केसांपासून हनुवटीपर्यंत, पट्टी लावून मोजला तर 8 मिलिमीटर भरला. करंगळीच्या नखाएवढा. 1200 डीपीआयला, म्हणजे इंचाला 1200 ठिपके या घनतेला, स्कॅन केल्यावर त्याचे उभे सुमारे 380 पिक्सेल मिळाले. त्याच्या दुप्पट घनतेलाही करून पाहिले, पण त्यात आजीऐवजी कागदावरची धूळ आणि रवा, म्हणजे फोटोतले बारीक कणच, मोठे झाले. हा आकडा मी वहीत लिहिला आणि पुढचे सगळे त्याच्यावरून ठरवले. चांगल्या छपाईला इंचाला 300 पिक्सेल लागतात असे धरले, तर हा चेहरा जास्तीत जास्त 3.2 सेंटीमीटर उंचीचा छापता येतो. दुकानदाराने तो जवळजवळ खऱ्या चेहऱ्याएवढा केला होता, म्हणजे जे नव्हते ते भरून काढणे त्याला भागच होते. मी चित्रच लहान करायचे ठरवले. आठ इंच रुंद आणि सहा इंच उंच चित्र, भोवती तीन-साडेतीन इंचांचा कोरा माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची किनार, आणि पंधरा बाय बाराची चौकट. भिंतीवर ती लहान दिसत नाही. माणूस आपण होऊन दोन पावले पुढे जाऊन पाहतो, आणि हे चित्र तितक्याच अंतरावरून पाहण्यासारखे आहे.

मग आजोबा कोणते घ्यायचे, हा प्रश्न निघाला आणि त्यावर घरात पंधरा दिवस गेले. बाबांच्या मनातले दादा म्हणजे निवृत्तीच्या सुमाराचे, पिकल्या मिशांचे, जाड भिंगाचा चष्मा लावलेले दादा. ते शेजारी बसवून पाहिले, तर पंचवीस वर्षांची आजी त्यांची धाकटी मुलगी दिसू लागली. त्या रंगीत फोटोतला निळा-हिरवा रंग उडून सगळे तांबूस झाले होते, ते सुधारता आले असते, वय सुधारता येणार नव्हते. काही जण अशा वेळी संगणकाकडून आजीला म्हातारी करून घेतात. मला ते सहन झाले नसते. ती एकतिसाव्या वर्षापुढे जगलीच नाही. उरला ओळखपत्रावरचा 1957 सालचा फोटो, ज्यात आजोबा एकोणतीस वर्षांचे आहेत, डोक्यावर काळी टोपी आणि अंगात बंद गळ्याचा कोट. आजीच्या फोटोत आणि त्यात अवघे दोन वर्षांचे अंतर. बाबा म्हणाले, “हे मी पाहिलेले दादा नाहीत.” आत्या म्हणाली, “अरे, पण आईने पाहिलेले हेच.” त्यानंतर तो विषय निघाला नाही.

ओळखपत्राच्या फोटोवर कोपऱ्यात कचेरीचा जांभळा शिक्का होता आणि त्याची कड कोटाच्या गळ्यावर आली होती. इथे एक युक्ती फार कामाला आली, ती सांगते. कृष्णधवल फोटो असला तरी स्कॅन नेहमी रंगीत करावा. त्या स्कॅनचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन चॅनेल वेगळे करून पाहिले, तर जांभळी शाई हिरव्यात काळीकुट्ट दिसते आणि लाल चॅनेलमध्ये बरीच फिकी होते. कागदाचा पिवळेपणाही लाल चॅनेलमध्ये जवळजवळ नाहीसा होतो. मी तेवढा एक चॅनेल ठेवला आणि अर्धे काम ब्रशला हात न लावता झाले. उरलेली शिक्क्याची पुसट कड कोटावरच होती, चेहऱ्यावर नव्हती, म्हणून ती शेजारच्या कापडाच्या पोताने भरली. सगळे काम मी गिम्प या मोफत प्रणालीत केले आणि मूळ स्कॅन टिफ स्वरूपात वेगळे ठेवून त्यांना शेवटपर्यंत धक्का लावला नाही.

उजेडाने खरी परीक्षा पाहिली. आजोबांचा फोटो स्टुडिओतला, दिवा आपल्या डाव्या हाताला, त्यामुळे नाकाची सावली उजव्या गालावर पडलेली. आजीचा फोटो उघड्या चौकातला, वरून येणारा मऊ उजेड, सावली फक्त भुवयांखाली आणि हनुवटीखाली. दोघांना शेजारी ठेवले की डोळ्याला काहीतरी खटकते, पण काय खटकते ते पटकन सांगता येत नाही. एखादा चेहरा आरशातल्यासारखा उलटा करण्याचा मोह अशा वेळी होतो आणि मीही तो एकदा करून पाहिला. आजोबांच्या कोटाची बटणे बायकी बाजूला गेली आणि चेहरा त्यांचा असूनही त्यांचा वाटेना, कारण कोणाच्याच चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात. उलटे केलेले सरळ केले. मग आजोबांच्या गालावरची सावली थोडी उचलली आणि आजीच्या चेहऱ्याची उजवीकडची बाजू अगदी किंचित, पाहणाऱ्याला जाणवणार नाही इतकी, गडद केली. आजोबांच्या बुबुळांत दिव्याचा एक एक पांढरा ठिपका आहे. आजीच्या डोळ्यांत तो नाही आणि मी तो घातला नाही.

आकाराचे गणित आत्याने सोडवले. दोन्ही चेहरे सारख्या उंचीचे केले होते, ते पाहून ती म्हणाली की आईचे डोके एवढे मोठे नव्हते आणि उभी राहिली की ती दादांच्या कानाच्या पाळीपर्यंत यायची. त्या एका वाक्यावरून आजीचा चेहरा थोडा लहान केला, डोळ्यांची रेषा खाली आणली आणि चित्र एकदम बसल्यासारखे झाले. आजी कोणत्या बाजूला, यावरही चर्चा झाली. धर्मकृत्याला पत्नी उजवीकडे बसते आणि आशीर्वादाच्या वेळी डावीकडे, असे आत्याने सांगितले. हे चित्र नातवंडे-पतवंडे नमस्कार करतील ते आहे, म्हणून आजी डावीकडे, म्हणजे आपण पाहताना उजव्या हाताला आली.

तरीही दोन्ही चेहरे वेगवेगळ्या हवेत असल्यासारखे दिसत होते. कारण साधे होते. आजोबांच्या चेहऱ्यात अडीच पट तपशील होता, टोपीची शिवणसुद्धा मोजता येत होती. कमी स्पष्ट फोटो वर चढवता येत नाही, त्यामुळे जास्त स्पष्ट फोटोला खाली उतरावे लागते. आजोबांचा चेहरा आजीच्या मापात आणून अगदी थोडा मऊ केला, दोन्हींतला काळा आणि पांढरा सारख्या पातळीवर आणला आणि शेवटी संपूर्ण चित्रावर एकच बारीक रवा पसरला. हा शेवटचा थर दिल्याबरोबर दोघे एका कागदावर आले. अजून एवढे सांगायला हवे की कापलेली कड धारदार ठेवू नये. आजोबांची टोपी सोपी गेली, पण आजीच्या कानाशी सुटलेले केस मास्कवर, म्हणजे कोणता भाग दिसावा आणि कोणता झाकावा हे ठरवणाऱ्या थरावर, बारीक ब्रशने एकेक करून राखण्यात माझ्या दोन रात्री गेल्या.

पार्श्वभूमी म्हणून आजोबांच्या स्टुडिओतला करडा पडदाच दोन्हीकडे पसरवला. ढग, मंदिर, पायऱ्या, समया यांतले काही नाही. आजीचे दोन्ही खांदे पूर्ण दिसत नव्हते, कारण मांडीवर आत्या होती. नवे खांदे काढण्याऐवजी जुन्या स्टुडिओंत करत तसे दोघांचेही चित्र छातीशी हळूहळू पडद्यात विरत नेले. रंगही भरले नाहीत. गंमत म्हणून संगणकाला रंग भरायला सांगितले होते, तेव्हा त्याने आजीची साडी निळी केली. आत्याला ती अंजिरी होती हे पक्के आठवते, कारण पुढे त्याच साडीची तिला गोधडी झाली. चिरी मूळ स्कॅनमध्ये वीसेक पिक्सेलांची आहे. ती जशीच्या तशी ठेवली, तिच्यावरचा धुळीचा कणदेखील मी पुसला नाही.

चौकटीच्या बाबतीत फार लिहिण्यासारखे नाही. मॅट कागद, आम्लरहित माउंट, आणि माउंटच्या जाडीमुळे काच छपाईला टेकत नाही, ही वाईच्या चिकटलेल्या कोपऱ्यावरून मिळालेली शिकवण. ताज्या फुलांचा हार घालायचा नाही असे ठरले, कारण त्याचा ओलावा चौकटीत उतरतो. बाबांनी चंदनाचा हार आणला. खाली नावे लिहिताना “कै.” आणि “कै. सौ.” अशी लिहिली. चौकट देवघरात न ठेवता दक्षिणेच्या भिंतीवर लावली. मागच्या बाजूला मी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे की हे चित्र दोन फोटोंचे आहे, कोणता कोणत्या सालचा आणि कुठे आहे, आणि काय काय बदलले. आणखी पन्नास वर्षांनी कोणी हे चित्र 1959 साली दोघांनी शेजारी बसून काढले असे समजू नये.

एक गोष्ट मात्र त्या यादीत लिहिताना माझा हात अडखळला. मूळ फोटोत आजीच्या डाव्या खांद्यावर, पदराच्या काठाशी, चार छोटी बोटे आहेत. मांडीवरच्या आत्याने पदर मुठीत धरला होता. आमच्यात हार घालायच्या फोटोत जिवंत माणूस घेत नाहीत, त्यामुळे आत्याला वगळणे ओघानेच आले, पण ती बोटे नेमकी चित्र विरण्याच्या वरच होती. मी ती पुसली, पदराचा काठ जुळवला आणि कोणाला कळणार नाही अशी समजूत करून घेतली. छपाईपूर्वी आत्याला दाखवले, तेव्हा तिने चेहरा पाहिला, चिरी पाहिली, मान हलवली आणि मग पदराच्या काठावर नख टेकवून विचारले, “इथे माझा हात होता ना?”

होता, म्हटले. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग तिनेच सांगितले की भिंतीवरच्या चित्रात तो नकोच. पण वाईच्या स्कॅनमधला तेवढाच चौकोन, आई, मांडीवर ती आणि मुठीतला पदर, काही न पुसता, ओरखड्यांसकट, तिला वेगळा छापून हवा होता. पोस्टकार्डाएवढा. त्याला चौकट करून आणू का, असे विचारले तर नको म्हणाली. तो ती उघडाच घेऊन गेली, पर्सच्या आतल्या कप्प्यात, बसच्या पासाबरोबर.